वाट मोकळी करणारा शिपाई : मेजर रामा राघोबा राणे



पास्काच्या रविवारी पवित्र मिस्सेत पहिले वाचन आपण ऐकतो ते प्रेषितांच्या कृत्यांतील दहाव्या अध्यायातले. पेत्र बोलतो आहे हे आपल्या लक्षात राहते, पण तो कोणाच्या घरात उभा राहून बोलतो आहे, इकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ते घर कर्नेल्य नावाच्या शताधिपतीचे, म्हणजे कैसरियात असलेल्या रोमी पलटणीतल्या एका अधिकाऱ्याचे आहे. तो यहुदी नव्हता, तोवर ख्रिस्तीही झालेला नव्हता. पण शास्त्रलेख त्याच्याविषयी सांगतो, की तो सगळ्या घरादारासह देवाचे भय बाळगून राही आणि गोरगरिबांना सढळ हाताने देई. पेत्र येणार हे कळल्यावर त्याने आपले नातेवाईक आणि जिवलग मित्र आधीच घरी बोलावून ठेवले होते. पलटणीतला माणूस आणि घरातला माणूस, हे दोन्ही एकाच अंगरख्यात नांदू शकतात, हे पवित्र शास्त्राने त्या एका घरात आपल्याला दाखवून ठेवले आहे.

या पानावर आम्ही बहुतेक वेळा संतांची चरित्रे देतो. आज ज्यांच्याविषयी लिहितो आहोत ते संत नव्हते आणि आपल्या ख्रिस्तसभेचेही नव्हते. ते कारवारकडचे एक मराठा हिंदू गृहस्थ, पेशाने सैनिक. पण पास्काच्या आगेमागे दरवर्षी ८ एप्रिल ही तारीख येते, आणि ती आली की आम्हांला त्यांची आठवण होते. त्याचे आणखी एक साधे कारण आहे. गंगाधामच्या बाजूने लुल्लानगर ओलांडून आपण वानवडीत शिरलो की लष्कराचे कमांड हॉस्पिटल लागते. आपल्या बिबवेवाडीपासून ते फार दूर नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरात कोणी फौजेत आहे किंवा होते, त्यांनी त्या आवारातल्या बाकांवर तासन्‌तास काढलेले आहेत. मेजर रामा राघोबा राणे, परमवीरचक्र, यांनी ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात लष्कराच्या याच इस्पितळात शेवटचा श्वास घेतला. त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात असते, सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत विचारले जाते, पण ते पुण्यात वारले आणि खडकीच्या पलटणीतून घडले, हे पुणेकरांनाही ठाऊक नसते.

त्यांचा जन्म २६ जून १९१८ चा. मूळ गाव चेंडिये, कारवारच्या दक्षिणेला. कारवार आज कर्नाटकात असले तरी त्या काळी ते मुंबई इलाख्यात होते, आणि त्या पट्ट्यातल्या घरांत कोकणी बोलली जाई, मराठी वाचली जाई. वडील राघोबा राणे पोलिसात शिपाई होते. पोलिसाच्या बदल्या आल्या की मुलांची शाळा सुटते, नव्या गावात पुन्हा नाव घालायचे, पुन्हा नवे मास्तर. रामाचे शिक्षण असेच तुटक तुटक झाले.

१९३० साली रामा बारा वर्षांचा होता. मिठाच्या सत्याग्रहाने सारा देश ढवळून निघाला होता आणि उत्तर कानडा जिल्ह्यात तर अंकोल्याचा सत्याग्रह गाजत होता. चळवळीचे वारे या पोरालाही लागले. आता बापाची स्थिती काय झाली असेल याचा विचार करावा. बाप सरकारी पोलीस, अंगावर गणवेश. आणि मुलगा सरकारविरुद्धच्या चळवळीकडे ओढला जातो आहे. राघोबांनी घाबरून बिऱ्हाड उचलले आणि कुटुंबाला घेऊन ते मूळ गावी चेंडियेला परतले. काही चरित्रकार हा प्रसंग बापाच्या भित्रेपणाचा म्हणून सांगतात. आम्हांला तसे वाटत नाही. ज्याच्या एका पगारावर चूल पेटते, त्याला मुलांकडे पाहून नमते घ्यावे लागते, आणि नमते घेणे हेही कधी कधी प्रेमच असते. आपल्यातल्या कितीतरी बापांनी मुलांसाठी असे काही ना काही गिळलेले आहे.

गंमत अशी, की याच मुलाने दहा वर्षांनी इंग्रजांच्याच सैन्यात नाव नोंदवले. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. १० जुलै १९४० रोजी, बावीस वर्षांचा असताना, रामा राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाला. ही पलटण म्हणजे आपल्या खडकीची बॉम्बे सॅपर्स. सॅपर म्हणजे लढाईतला कारागीर. पूल बांधायचा, पूल उडवायचा, रस्ता काढायचा, सुरुंग पेरायचे आणि पेरलेले काढायचे, पाणी आणायचे, खंदक खणायचे. बाकीची फौज जिथे थांबते तिथून यांचे काम सुरू होते. शिक्षण अर्धवट राहिलेला हा मुलगा आपल्या तुकडीतला उत्तम रिक्रूट ठरला आणि कमांडंटची मानाची छडी त्याला मिळाली. लवकरच तो नाईक झाला.

पुढे त्याला ब्रह्मदेशाच्या आघाडीवर २६ व्या डिव्हिजनबरोबर पाठवले. आराकानच्या मोहिमेत डिव्हिजन मागे सरत असताना बुथिडाँग येथे सॅपर्सच्या दोन तुकड्या मुद्दाम मागे ठेवण्यात आल्या. दारूगोळा आणि गाड्या जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांनी त्या नष्ट करायच्या आणि नंतर आरमाराच्या नावांतून निघून यायचे, असे ठरले होते. काम झाले, नावा मात्र आल्या नाहीत. जपानी गस्त असलेली नदी या लोकांना स्वतःच पार करावी लागली. गस्तीचा डोळा चुकवत ही मंडळी कशीबशी पलीकडे गेली आणि आपल्या डिव्हिजनला बाली बाजार येथे येऊन मिळाली. ज्यांच्या भरवशावर थांबलो ते येत नाहीत, आणि बरोबरच्या माणसांना तर घरी पोचवायचे आहे, हा धडा राणे यांना फार लवकर मिळाला. ते हवालदार झाले, मग जमादार झाले, आणि देश स्वतंत्र झाल्यावर १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंट म्हणून अधिकारपद मिळाले. शिपाई म्हणून शिरलेला माणूस साडेसात वर्षांत अधिकारी झाला, तोही बापासारखाच खालच्या पायरीवरून सुरुवात करून.

आता ८ एप्रिलकडे येऊ.

१९४७ च्या ऑक्टोबरात काश्मीरवर टोळीवाल्यांचे आक्रमण झाले, आणि ती लढाई जम्मूच्या डोंगराळ भागातही पसरली. नोव्हेंबरात, दिवाळीच्या दिवसांत, राजौरी पडली. त्या गावात आसऱ्याला आलेल्या कुटुंबांची जी कत्तल झाली तिची आठवण तिथले लोक आजही काढतात. डिसेंबरात झांगड हातचे गेले. ते १८ मार्च १९४८ ला ब्रिगेडिअर महंमद उस्मान यांच्या ब्रिगेडने परत घेतले. झांगड परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही अशी प्रतिज्ञा या उस्मानसाहेबांनी केली होती, आणि त्यानंतर चारच महिन्यांच्या आत ते रणांगणावर पडले. त्यांच्यावर खरे तर एक वेगळा लेख व्हायला हवा. झांगडनंतर राजौरी परत घेण्यासाठी नौशेऱ्याहून फौज निघाली. वाट एकच, डोंगराच्या कुशीतून सापासारखी वळत जाणारी. ती वाट शत्रूने जागोजाग तोडलेली, झाडे पाडून अडवलेली आणि सुरुंगांनी पेरलेली होती. रणगाडे पुढे गेल्याशिवाय पायदळ जाऊ शकत नव्हते आणि रस्ता झाल्याशिवाय रणगाडे जाऊ शकत नव्हते. रस्ता करायचे काम आले सेकंड लेफ्टनंट राणे यांच्याकडे. अधिकारी होऊन त्यांना जेमतेम चार महिने होत आले होते. वय २९.

८ एप्रिल, गुरुवार, सकाळी अकराचा सुमार. राणे आणि त्यांची माणसे रणगाड्यांजवळ कामाला सुरुवात करण्याच्या तयारीत उभी होती. तेवढ्यात शत्रूने तोफगोळ्यांचा मारा सुरू केला. दोन सॅपर जागच्या जागी ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. जखमी अधिकाऱ्याला मागे नेण्याची रीत आहे, त्यात कमीपणा कोणी मानत नाही. दोन माणसे नुकतीच डोळ्यांदेखत गेली आहेत, उरलेल्यांचे हात थरथरत असणार, आणि पुढे जे काम आहे ते थरथरत्या हातांनी करण्याजोगे नाही. राणे मागे गेले नाहीत. त्यांनी उरलेली माणसे पुन्हा गोळा केली, कामे वाटून दिली आणि रणगाड्यांना जागेवर नेण्यासाठी सुरुंग काढायला सुरुवात केली. दिवसभर मशिनगन आणि तोफांच्या माऱ्यात ते रणगाड्यांच्या जवळपासच होते. दुपारी साडेचारच्या सुमारास डोग्रा पलटणीने बारवालीची धार जिंकली. शत्रू पुरता हटलेला नव्हता, हे ठाऊक असूनही राणे आपली माणसे घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढू लागले. रात्री दहापर्यंत, शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात, हे काम चालले होते.

सुरुंग काढणे म्हणजे काय, हे आपल्या तरुण वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे, कारण सिनेमात ते फार झटपट होते. माणूस पोटावर आडवा होतो. हातात संगीन किंवा लोखंडी सळई. ती जमिनीत तिरकी खुपसत, बोटा-बोटाच्या अंतराने चाचपत पुढे सरकायचे. उभी खुपसली तर टोक सुरुंगाच्या माथ्यावर दाबेल आणि सगळेच संपेल. तिरकी गेली तर ते त्याच्या कडेला लागते. लागले की हाताने माती बाजूला करायची, खाली दुसरा सुरुंग बांधून ठेवलेला नाही ना ते पाहायचे, मग त्याचा स्फोट करणारा भाग वेगळा करायचा. रणगाड्यासाठी पेरलेला सुरुंग माणसाच्या वजनाने बहुधा फुटत नाही, पण त्याच्या शेजारी माणसासाठी पेरलेले छोटे सुरुंगही असू शकतात. घाई केली तर मरण आणि उशीर केला तर वरून गोळी. हे सारे दिवसाउजेडी, समोरच्या टेकडीवरून मशिनगन चालू असताना करायचे.

दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, राणे सकाळी सहाला पुन्हा कामाला लागले. दुपारी तीनपर्यंत वळणरस्ता तयार झाला. रणगाडे चालू लागले तेव्हा ते सर्वांत पुढच्या कॅरिअरमध्ये, म्हणजे पट्ट्यांवर चालणाऱ्या उघड्या चिलखती गाडीत, बसले. अर्ध्या मैलावर पाइनची झाडे आडवी टाकलेली. राणे उतरले, सुरुंग लावून झाडे उडवली. आणखी तीनशे यार्डांवर पुन्हा तोच अडथळा, पुन्हा तेच काम. पाच वाजत आले होते. पुढे मोरी उडवलेली. काम सुरू करण्याआधीच मशिनगन सुरू झाल्या, तरी बाजूने वाट काढून ताफा पुढे नेला. सव्वासहाला उजेड मावळू लागला आणि समोर पाच मोठी झाडे, भोवती सुरुंग आणि वरून गोळीबार. राणे तेही काढायला बसले होते, पण ताफ्याच्या प्रमुखाने रात्रीपुरते थांबायचे ठरवले.

याच लढाईची आणखी एक हकिकत सैनिकांत सांगितली जाते. गोळीबार एवढा होता की सुरुंगपट्ट्यात डोके वर काढणे अशक्य होते. तेव्हा राणे रणगाड्याच्या पोटाखाली, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत पालथे झाले आणि रणगाड्याबरोबर सरपटत पुढे जात सुरुंग काढत राहिले. चालकाशी बोलणे शक्य नव्हते म्हणून दोन दोऱ्या बांधल्या होत्या. एक ओढली की थांबायचे, दुसरी ओढली की पुढे. ज्या चालकाचा पाय चुकला असता तर राणे त्याच्याच रणगाड्याखाली चिरडले गेले असते, त्या चालकाचे नाव या कथेत कोणी घेत नाही. त्या माणसालाही आयुष्यभर ते दोरीचे हिसके आठवले असतील.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे यांनी त्या पाच झाडांना हात घातला. साडेसहाला अडथळा दूर झाला. पुढचे हजार यार्ड तर सगळेच अडथळ्यांचे आणि खचवलेल्या भरावांचे. साडेदहापर्यंत तेही मोकळे केले. मग रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचले. (चिंगसला मोगलांची जुनी सराई आहे. काश्मीरहून परतताना जहांगीर बादशहा वाटेत वारला तेव्हा त्याची आतडी इथे पुरली अशी तिथली आख्यायिका आहे.) रणगाडे पोचले तरी राणे यांचे काम संपले नव्हते. मागून अन्न, औषधे आणि दारूगोळा आणणाऱ्या गाड्यांना नदीचे पात्र चालत नाही, त्यांना रस्ताच लागतो. म्हणून ते अन्नपाण्याविना, विश्रांतीविना रात्री नऊपर्यंत रस्ता करत राहिले. ११ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात. अकराला चिंगसपर्यंत रस्ता खुला झाला. मग त्याच्या पुढचा रस्ता, रात्री दहापर्यंत. १२ एप्रिलला आपल्या फौजा राजौरीत शिरल्या.

जुन्या पंचांगाप्रमाणे पास्कानंतरचा दुसरा रविवार हा उत्तम मेंढपाळाचा रविवार असे. १९४८ साली पास्का २८ मार्चला होता, म्हणजे तो रविवार ११ एप्रिलला आला. आपल्या पुण्याच्या चर्चमध्ये त्या दिवशी लॅटिन मिस्सेत योहानाच्या शुभवर्तमानातला मेंढपाळ वाचला जात होता, तेव्हा राणे चौथ्या दिवशी जखमी अंगाने रस्त्यावर होते. पंचांग चाळताना हे आमच्या ध्यानात आले आणि लिहिल्यावाचून राहवेना.

युद्धाचे गुणगान करणे ख्रिस्ती पत्रिकेला शोभत नाही, असे आपल्यातल्या काहींना वाटेल. त्यांचा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. राणे यांनी मोकळ्या केलेल्या वाटेवरून रणगाडे गेले आणि त्या रणगाड्यांनी माणसे मारली. पलीकडे पडलेल्यांच्या घरीही कोणी वाट पाहणारे होते. पण त्या चार दिवसांत राणे यांच्या हाताने जे केले ते असे, की जमिनीत कोणीतरी पुरून ठेवलेले मरण त्यांनी एकेक करून बाहेर काढले, मागून येणाऱ्यांच्या पायांखाली ते येऊ नये म्हणून. त्या हातांकडे पाहताना आमचे मन संकोचत नाही.

याच एप्रिलच्या आठवड्यात, तीन वर्षे आधी, ९ एप्रिल १९४५ रोजी, नगर जिल्ह्यातल्या निमज गावच्या नामदेव जाधव या मराठा पलटणीतल्या शिपायाने इटलीत सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगपट्ट्यातून एकामागून एक वाहून आणले होते, आणि मग हाताला जखम असतानाही शत्रूची मशिनगनची ठाणी मोडली होती. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेही पुढे १९८४ साली पुण्यातच वारले. आपल्यातल्या अनेकांची मूळ गावे नगर जिल्ह्यातली आहेत, म्हणून मुद्दाम सांगितले.

परमवीरचक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या शौर्यासाठी लागू करण्यात आले. त्या पहिल्या काश्मीर युद्धात पाच जणांना ते मिळाले. सोमनाथ शर्मा, जदुनाथ सिंग आणि पिरू सिंग यांना मरणोत्तर. करम सिंग आणि रामा राणे हे दोघे जिवंत होते. पदकाची आकृती सावित्रीबाई खानोलकर यांनी काढली. या बाईंचा जन्म स्वित्झर्लंडमधला, मूळ नाव वेगळे. लष्करातल्या विक्रम खानोलकर या मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इकडच्या झाल्या, आणि इथल्या पुराणकथांचा त्यांनी इतका अभ्यास केला की पदकावर त्यांनी इंद्राचे वज्र घातले. दधीची ऋषीने आपली हाडे दिली आणि त्यांतून ते वज्र घडले, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते.

एवढे मोठे पदक मिळाल्यावर माणसाचे पुढे काय होते? राणे यांच्याविषयी जे जे छापले जाते ते ११ एप्रिल १९४८ ला संपते. पण त्यानंतर हा माणूस ४६ वर्षे जगला, आणि आम्हांला खरे कुतूहल त्या ४६ वर्षांचे आहे.

त्यांचे लग्न उशिरा झाले, १९५५ साली, छत्तिशी ओलांडल्यावर. ज्या वयात त्यांच्या बरोबरीच्यांची मुले शाळेत जात होती त्या वयात त्यांनी संसार मांडला. फौजी माणसाचा संसार कसा असतो हे आपल्या धर्मग्रामातल्या सैनिक कुटुंबांना सांगायला नको. काळ्या लोखंडी पेट्या, त्यांवर पांढऱ्या रंगाने घातलेले नाव आणि हुद्दा; एका ठिकाणी पडदे शिवून होतात तोच दुसरीकडचा हुकूम; नवरा सीमेवर आणि मुलाच्या तापाची रात्र बायकोने एकटीने काढायची. राघोबा पोलिसाच्या बदल्यांमुळे ज्या मुलाची शाळा पुन्हा पुन्हा सुटली होती, तोच आता स्वतः बदलीवर जाणारा बाप झाला होता. १९६२ आणि १९६५ ची युद्धे झाली तेव्हाही ते गणवेशातच होते. घरात परमवीरचक्र असले म्हणून बायकोची काळजी कमी होत नाही. उलट हा माणूस मागे हटणाऱ्यांपैकी नाही, हे तिला सरकारनेच लेखी कळवलेले असते.

एकूण २८ वर्षांची नोकरी करून ते १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले. त्या नोकरीत पाच वेळा लढाईच्या खलित्यांत त्यांचे नाव नोंदले गेले होते. निवृत्त झाले तेव्हा ते पन्नाशीत होते. त्यानंतर आणखी २६ वर्षे त्यांना लाभली, म्हणजे जवळजवळ जेवढी नोकरी तेवढीच निवृत्ती. आम्हांला विचाराल तर ईश्वराने त्यांना दिलेले खरे पदक हे होते. ८ एप्रिलला त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या दोघा सॅपरांना ते मिळाले नाही. त्यांना ना म्हातारपण आले, ना मुलांची लग्ने पाहता आली. आयुष्यभर राणे यांना पदकाबद्दल नमस्कार करणारे अनेक भेटले असतील, आणि प्रत्येक नमस्काराच्या वेळी ते दोघे त्यांना आठवले नसतील असे आम्हांला वाटत नाही. नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांसाठी मिस्सा देतो आणि नावांच्या याद्या वेदीवर ठेवतो. या दोघांसारख्यांसाठीही त्या यादीत एक ओळ मोकळी ठेवावी, असे आमच्या मनात येते.

राणे हयात असतानाच, १९८४ साली, शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले. कारवारच्या समुद्रकाठी वाढलेल्या माणसाच्या नावाचे जहाज समुद्रावर फिरत होते आणि माणूस मात्र पेन्शनीत आपल्या घरी होता, हे चित्र आम्हांला फार आवडते. पुढे २००६ साली कारवारच्या किनाऱ्यावर, चपळ या युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ, त्यांचा पुतळा बसवण्यात आला. २०२३ च्या जानेवारीत अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावे दिली गेली, त्यांतले एक त्यांचे आहे.

१९९४ च्या जुलैत, वयाची ७६ वर्षे पूर्ण झाल्यावर अवघ्या पंधरा दिवसांनी, त्यांचे निधन झाले. तारीख ११ जुलै, आपल्या पंचांगात संत बेनेडिक्टचा सण. भरती झाल्याच्या दिवसाला ५४ वर्षे आणि वर एक दिवस झाला होता. सुरुंग, तोफा, जपानी गस्त, या सगळ्यांतून वाचलेला हा माणूस अखेर इस्पितळाच्या खाटेवर गेला. मागे पत्नी होती, मुले होती.

पदक पुष्कळ वर्षे घरीच होते. नंतर त्यांच्या पत्नीने ते आणि त्यांची बाकीची पदके खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या स्वाधीन केली, जिथे १९४० च्या पावसाळ्यात चेंडियेचा तो पोलिसाचा मुलगा शिपाई होऊन आला होता.